‘वाचत नाही’ असं लिहिण्याआधी

माझ्या पहिल्या वहीत एकाच मुलाच्या नावापुढे अकरा वेळा ‘वाचत नाही’ असं लिहिलेलं आहे. मुलगा पाचवीतला, शाळा गुजराती माध्यमाची, घरी मराठी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या ओटीवर मी दर रविवारी मराठी घरांतली मुलं जमवायचे, सतरंजीवर पुस्तकं मांडायचे आणि कोण काय उचलतं ते टिपून ठेवायचे. हा यायचा, पुस्तक उघडायचा, दोन पानं चाळायचा, ठेवून द्यायचा. मी लिहायचे, वाचत नाही. असे आठ महिने गेले. ती नोंद चुकीची होती हे कळायला मला जेवढा वेळ लागला तेवढा तुम्हाला लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

बालसाहित्याचा अभ्यास करायचा, मुलांपर्यंत पुस्तकं न्यायची, असं ठरवून आलेली तरुण मंडळी हल्ली भेटायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न कोर्सचा असतो आणि दुसरा पगाराचा. त्या दोन्हींकडे येतेच, पण आधी त्या मुलाचं सांगू द्या.

एका रविवारी पाऊस होता, तीनच मुलं आली. मी त्याला शेजारी बसवून म्हटलं, ‘मला हे वाचून दाखव.’ वाक्य साधं होतं: आजीजवळ एक चांगली जाड गोधडी होती. तो ओळीखाली बोट धरून सुरू झाला. ‘आजीज...’ आणि बोट थांबलं. ‘ताई, हे कुठलं अक्षर?’ ते अक्षर ‘ळ’ होतं. हा मुलगा दिवसातून शंभर वेळा ‘जवळ’ म्हणतो. गुजराती लिपीत तो ‘ळ’ रोज लिहितो. पण नागरी लिपी तो शिकला हिंदीच्या पुस्तकातून, आणि हिंदीत ‘ळ’ नाही. म्हणजे जे अक्षर त्याच्या तोंडात होतं, हातात होतं, ते या पोशाखात त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. मी शेजारी गुजराती ‘ळ’ काढून दाखवला. ‘हा तर आपलाच ळ!’ असं म्हणून तो पुढे सरकला, आणि ‘चांगली जाड’ त्याने हिंदीतल्या ‘चाचा’ आणि ‘जाल’मधल्या च-ज सारखं वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिला. त्याला स्वतःच्याच तोंडून काहीतरी परकं ऐकू आलं होतं.

मग तेच वाक्य मी वाचलं, घरात बोलतो तसं. तो लगेच म्हणाला, ‘आमच्या आजीकडे पण आहे. लुगड्याची.’

इथे जरा थांबते, कारण माझा सगळा घोटाळा या एका जागी होता. मूल पुस्तक मिटतं तेव्हा बाहेरून दिसणारी गोष्ट एकच असते. आतली कारणं मात्र निदान तीन असतात: त्याला लिपी जड जाते, भाषा कळत नाही किंवा पुस्तक आवडत नाही. या तिन्हींवर करायच्या गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत आणि मी तिन्हींसाठी एकच शब्द वापरत होते. त्यातून माझी समजूत अशी झाली की आजच्या मुलांना वाचायचंच नसतं, सगळं मोबाइलने खाल्लं. तसा एक लेखही मी लिहायला घेतला होता.

मराठी वाचणाऱ्याला ही अडचण दिसत नाही, कारण आपण ती कधी भोगलेली नसते. महाराष्ट्रातल्या मुलाला च आणि ज चे दोन उच्चार कोणी शिकवत नाही. अक्षर दिसतं आणि योग्य तो उच्चार आपोआप निघतो. बडोद्यातल्या मुलाचं कानाचं मराठी एकदम पक्कं असतं आणि डोळ्याचं मराठी जेमतेम असतं. अनुस्वाराचंच बघा. ‘मोठं’, ‘केलं’, ‘मुलं’ यांतला शेवटचा अनुस्वार आपण उच्चारत नाही, नुसता स्वर लांबवतो. गुजराती वाचणारं मूल तिथे इमानदारीने नाकातून स्वर काढतं, कारण ‘नानुं’, ‘मोटुं’ तो तसंच वाचत आलेला असतो. चार ओळींत असे सहा अनुस्वार आले की गोष्ट निसटते. पुस्तक सोपं आहे, मुलगा हुशार आहे, आणि तरीही पुस्तक मिटतं.

ओळखायची माझी पद्धत आता अशी आहे. नवीन मुलाच्या हातात पुस्तक देऊन मी त्याची परीक्षा बघत नाही. आधी मी वाचते, तो ऐकतो. ऐकताना अंग पुढे आलं, चित्रात बोट गेलं, तर पुस्तक बरोबर आहे आणि आड येते आहे ती लिपी. ऐकूनही चेहरा कोरा राहिला तर भाषा आड येते आहे. तिथे मधले शब्द गुजरातीत सांगायला मी लाजत नाही. आणि सगळं कळूनसुद्धा तो सतरंजीचे धागे उपटत बसला, तर मी ते पुस्तक बाजूला ठेवते. तिथे दोष मुलाचा नसतो.

लिपी आड येते म्हणून लिपीचा वर्ग मात्र सुरू करू नका. मी दोन रविवार तसं केलं, फळा लावून. तिसऱ्या रविवारी निम्मी मुलं आली नाहीत. आठवडाभर शाळा करून आलेल्या मुलाला रविवारी पुन्हा शाळा दिली तर ते येईल कशाला? त्यापेक्षा प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर एकच गोष्ट मराठीत आणि गुजरातीत मिळाली तर दोन्ही छापून शेजारी शेजारी ठेवा. ते फुकट आहे, छापायला परवानगी आहे, आणि गोष्टींना चार पातळ्या दिलेल्या असल्यामुळे निवडणं सोपं जातं. अडलेला शब्द मूल गुजराती पानावर शोधतं आणि परत येतं. मला यात हात घालावा लागत नाही.

दुसरी माझी चूक याच्याच पोटातली. मी मांडलेली पुस्तकं माझ्या लहानपणची होती. त्यांत ‘किशोर’चे जुने अंक होते, जपून ठेवलेले. ‘किशोर’ १९७१ पासून निघतो आहे, जुने अंक आता ऑनलाइनही वाचता येतात आणि मासिक उत्तमच आहे. पण मी ते मुलांसमोर ठेवत होते की स्वतःसमोर, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. एका मुलीने संक्रांतीची गोष्ट ऐकून विचारलं, ‘यात कोणी धाब्यावर जात नाही?’ गुजरातीत धाबुं म्हणजे गच्ची, आणि तिच्यासाठी तो दिवस म्हणजे उत्तरायण: गच्ची, पतंग, ऊंधियूं. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये मांडलं की मुलांना पुस्तकात आरसेही हवेत आणि खिडक्याही. मी ते वाचून टिपणं काढली होती. पण माझ्या समोरच्या मुलांना मराठी पुस्तकात आरसा जवळजवळ नाहीच, सगळ्या पुण्या-मुंबईच्या आणि कोकणातल्या खिडक्या, हे त्या मुलीने दाखवलं. आता आम्ही अधूनमधून मुलांनी सांगितलेल्या बडोद्याच्या गोष्टी लिहून, चित्रं काढून, दोरा घालून शिवतो. ओटीवर सर्वांत जास्त हाताळली जाणारी पुस्तकं तीच आहेत.

आता अभ्यासाचं. बडोद्यात राहून हे काम करणाऱ्याच्या पाठीशी काय आहे ते माहीत असू द्या. १९०६ मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शिकलेलं मूल शाळेबाहेर पडून पुस्तकाला मुकलं तर अक्षरं विसरणार, म्हणून पाठोपाठ ग्रंथालयं आली. त्यासाठी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावलं आणि १९११ मध्ये इथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. दर रविवारी खांद्यावरची पिशवी उतरवताना मला त्या पेट्या आठवतात. मांडवीकडचं मध्यवर्ती ग्रंथालय बघितलं नसेल तर आधी तिथे जा, आणि सयाजीरावांच्या फोटोपुढे उभे राहून परत न येता आत बसून वाचा.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण मिळतं. त्याने तुमची शाळेतल्या नोकरीची पात्रता होते, वर्गीकरण आणि नोंदी पक्क्या होतात. मूल मात्र त्यात फारसं नाही. ते तुम्हाला बाहेर शोधावं लागेल. टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाचा ग्रंथालय-शिक्षकांसाठीचा कोर्स मला याबाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. आणि तुम्हाला गुजराती वाचता येतं, ही पुण्यातल्या अभ्यासकाकडे नसलेली ताकद आहे, ती वाया घालवू नका. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करत होत्या आणि पुढे त्या बोर्डी-कोसबाडला गेल्या. गिजुभाई मूळ गुजरातीतच वाचा. मुलांशी बोलण्याचा त्यांचा सूर भाषांतरात अर्धा हरवतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्या हंसा मेहतांचं नाव आहे त्याही मुलांसाठी गुजरातीत लिहीत, हे तिथे रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

‘मुलांनी वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ छापाच्या याद्यांचा मला मनापासून राग आहे. यादी करणाऱ्याने ती पुस्तकं शंभर मुलांसमोर वाचलेली नसतात. जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला चॉकलेट, हा तर सरळ नुकसानीचा धंदा आहे. मुलं पातळ पुस्तकं शोधायला शिकतात, बाकी काही नाही. आणि गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ हे विचारणं आजच सोडा. इंग्लंडचे लेखक एडन चेंबर्स यांनी सुचवलेले प्रश्न साधे आहेत: काय आवडलं, काय नाही आवडलं, कशाचं कोडं पडलं, कुठे काही पुन्हा पुन्हा येतंय असं वाटलं का. यांतला ‘काय नाही आवडलं’ हा प्रश्न मराठी घरात मुलाला सहसा कोणी विचारत नाही. विचारून बघा, मुलं किती बोलतात ते.

गुरू निवडताना पदवी बघू नका. जो आजही दर आठवड्याला मुलांत बसतो, त्याला धरा. मला ग्रंथालयातून निवृत्त झालेले एक काका भेटले. कौतुक त्यांनी कधी केलं नाही. माझी वही बघून एवढंच विचारलं, ‘पुस्तक परत येतं तेव्हा कुठल्या पानापर्यंत मळलेलं असतं?’ मी कधी बघितलं नव्हतं. घरी येऊन सगळी पुस्तकं दिव्याखाली धरली. मी ‘लोकप्रिय’ म्हणून लिहिलेलं एक जाड पुस्तक नवव्या पानानंतर कोरं होतं. एका पातळ चित्रपुस्तकाचे सगळे कोपरे काळे झालेले, मधल्या पानावर हळदीच्या बोटाचा ठसा. तेव्हापासून आठवलं की मी कोपरे बघते.

पगाराबद्दल स्पष्टच सांगते. नुसत्या या कामावर घर चालणं कठीण आहे. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. तिथे सुरुवातीची दोन वर्षं माझे तास रजेवरच्या शिक्षकांच्या वर्गांवर जात होते, आणि पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपाआड होती, हरवली तर भरपाई माझ्याकडून. फार त्रास झाला. रडले आहे मी. नोकरी घेताना हे दोन प्रश्न आधी विचारा: ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात आहे का, आणि पुस्तक हरवलं तर काय. उत्तर मिळालं नाही तर दुसरी शाळा बघा. पण घाबरूनही जाऊ नका. तिसऱ्या वर्षी एका वर्गशिक्षिकेने स्वतःहून तिच्या वर्गासाठी कपाट उघडायला लावलं, मग दुसरीने. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या १९५७ पासूनच्या दोन्ही संस्थांची पुस्तकं स्वस्त असतात. सुरुवात त्यांनी केली तर एक प्रत हरवल्याचं ओझं शाळेलाही वाटत नाही.

मला अजून न सुटलेली गोष्ट बारा-तेरा वर्षांच्या मुलांची आहे. त्यांचं ऐकण्याचं मराठी मोठ्यांचं आणि वाचण्याचं मराठी सात वर्षांच्या मुलाचं. चित्रपुस्तक दिलं तर अपमान वाटतो, कादंबरी दिली तर दुसऱ्या पानावर दम लागतो. सध्या मी त्यांना एक कादंबरी वाचून दाखवते आहे, रविवारी एक प्रकरण. तो ‘ळ’वाला मुलगा आता सातवीत आहे, तोही यांच्यात बसतो. गेल्या रविवारी आठवं प्रकरण झालं. सातजण होते. पुढे काय होतं ते दोघांनी विचारलं, मी सांगितलं नाही, आणि पुस्तक मुद्दाम ओटीवरच ठेवून पाणी प्यायला आत गेले. परत आले तेव्हा ते नवव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर उघडं होतं आणि त्याचं बोट ओळीखाली होतं.