हळदीचा डाग उन्हात उडतो, मॉडेलच्या रंगाचा उडत नाही

सांगलीत हळदीच्या डागाचं काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो. घाबरायचं नाही, कापड खळखळून धुऊन कडक उन्हात टाकायचं, दोन-तीन दिवसांत डाग फिका पडतो. हळदीतलं कर्क्युमिन क्षारानं लाल होतं आणि उन्हानं मोडतं, म्हणून हे जमतं. स्केल मॉडेल, म्हणजे विमान-रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती, करणाऱ्यांचे शर्ट मात्र याच सवयीनं जातात. मॉडेलच्या रंगातली बहुतेक रंगद्रव्यं उन्हात टिकतील अशीच निवडलेली असतात, आणि त्यांना धरून ठेवणारा पदार्थ उष्णतेनं कापडात आणखी घट्ट बसतो. साबण लावून, गरम पाण्यात बुडवून, गच्चीवर वाळवून वर इस्त्री फिरवली, की तो डाग शर्टाच्या जन्माचा सोबती झाला.

त्यामुळे काहीही सांडलं तरी आधी ते काय आहे ते आठवायचं. पाण्यात मिसळणारा रंग (अॅक्रिलिक), टर्पेंटाइनचा रंग (एनॅमल, तैलरंग), थिनरचा रंग (लॅकर), फेव्हिक्विक, रेझिन, माती, प्रत्येकाची पहिली कृती वेगळी आहे. पण डाग काढण्याआधी डाग पडतात कुठून ते बघू, कारण त्यातले निम्मे तरी टेबलावरच थांबवता येतात.

अंगावर काय घालायचं

जुना सुती शर्ट, शक्यतो समोर खिसा नसलेला. खिशात रंगाचा ब्रश जातो आणि ब्लेडचं पातंही जातं, आणि ते धुताना सापडतं. नायलॉन-पॉलिस्टरच्या कपड्यांत स्थिर वीज साठते. घासकामातला प्लास्टिकचा बुरादा त्यांना चिकटून बसतो आणि तिथून पुन्हा ओल्या रंगावर उडतो. सैल कुडत्याच्या बाह्या तर रंगाच्या पॅलेटवरून पोतेऱ्यासारख्या फिरतात. बाही दुमडली तर दुमडीत बुरादा भरतो. त्यापेक्षा जुन्या पायमोज्याचा पंजा कापून टाका आणि वरची नळी बाहीवरून मनगटापर्यंत चढवा.

शर्टावरून रेक्झिनचा एप्रन हवाच. सोफ्याचं काम करणाऱ्याकडे दोन फूट बाय तीन फुटांचा उरलेला तुकडा सहज मिळतो. फक्त रेक्झिन रंग शोषत नाही, थेंब त्यावरून घरंगळत थेट पॅन्टवर जातो. म्हणून खालची कडा दोन इंच बाहेरून वर दुमडून दोन्ही बाजूंना टाके घाला, पन्हाळीसारखी झोळी तयार होते. थिनर सांडला तर लगेच पुसा, थिनरनं रेक्झिन मऊ पडून चिकट होतं.

एप्रनची खालची कडा कागदाच्या दोन मोठ्या क्लिपांनी टेबलाला अडकवली तर आणखी एक सोय होते. विटा-खानापूरकडचा सोनं गाळणारा गलाईवाला जसा सोन्याचा कण सोडत नाही, तसा 1:72 च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या) विमानाचा अँटेना झोळीत पडतो, फरशीवर हरवत नाही. चाकू निसटला की आपण नकळत मांड्या जुळवतो आणि पातं मांडीत शिरतं. ताणलेल्या रेक्झिनवर ते बहुतेक वेळा नुसतं पडून राहतं. उठताना क्लिप काढायची आठवण ठेवा, नाहीतर टेबल सोबत येतं.

टेबलावरचे चोर

सगळ्यात मोठा चोर म्हणजे मॉडेलचे भाग जोडायच्या पातळ प्लास्टिक सिमेंटची उघडी बाटली. झाकणालाच ब्रश असलेली ती चौकोनी बाटली कोपराच्या एका धक्क्यानं आडवी होते. तिला रुंद बैठक द्या: चार इंच बाय चार इंचांच्या लाकडी ठोकळ्यात किंवा जुन्या जाड स्लिपरच्या तुकड्यात बाटलीच्या मापाचं भोक पाडून ती त्यात बसवा. थर्माकोल वापरू नका. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन, आणि ते सिमेंट पॉलिस्टायरिन विरघळवण्यासाठीच बनवलेलं असतं. पहिल्याच थेंबाला बैठकीला खड्डा पडतो आणि बाटली तिरकी होते.

दुसरा चोर रंगाच्या डबीचं झाकण. काठावर वाळलेला रंग साचला की झाकण पूर्ण बसत नाही आणि डबी हलवताना रंगाचा फवारा उडतो. हलवण्याआधी डबी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड मुठीत धरा. त्याहून चांगलं म्हणजे हलवूच नका, आइस्क्रीमच्या काडीनं तळापासून ढवळा. काम झालं की काठ पुसून मगच झाकण लावा. थेंबाथेंबानं रंग देणाऱ्या बाटलीचं तोंड चोंदलं असेल तर दाबत बसू नका. आत दाब साठतो आणि गुठळी सुटली की अर्धी बाटली छातीवर येते. तोंड वर करून टाचणीनं मोकळं करा, मग उलटी करा.

एअरब्रशचे (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनासारख्या हत्याराचे) डाग बहुतेक वेळा रंगवताना पडत नाहीत, धुताना पडतात. नोझलवर बोट ठेवून हवा उलटी सोडली की कपात बुडबुडे येतात आणि आतला रंग सुटतो, ही पद्धत बरोबरच आहे. पण 15 ते 20 पीएसआय दाबावर उघड्या कपानं ते केलं तर कारंजं उडतं. दाब अगदी कमी करा, कप एक तृतीयांशच भरा, झाकण लावा आणि ट्रिगर हळूहळू मागे ओढा.

गच्ची, वारा आणि दोरीवरचे कपडे

स्प्रे कॅनचं काम घरात होत नाही, म्हणून सगळे गच्चीवर जातात. तिथे आधी दोरी बघा. लॅकरचा तुषार हवेतच सुकून धुळीसारखा पसरतो आणि शेजारच्या दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर करडा थर बसतो. तो डाग तुमच्या शर्टावर नसल्यामुळे जास्त महाग पडतो. कपडे उतरल्यानंतरची वेळ धरा.

वारा पाठीवर घेतला की सगळा रंग पुढे जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात वारा अंगाला वळसा घालून छातीपुढे भोवरा करतो आणि तुषार परत शर्टावर आणि नाकाकडे येतो. वारा कुशीवरून जाईल असे उभे राहा. एका बाजूनं उघडं मोठं खोकं आडवं ठेवून मॉडेल त्यात ठेवा, कॅन 20 ते 25 सेंटीमीटरवर धरा आणि मास्क लावा. सातारच्या पावसाळ्यात हे काम टाळलेलंच बरं. दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते आणि एनॅमल दोन-दोन दिवस चिकट राहतो. कोरडा समजून त्यावर कोपर टेकवलं की मॉडेलवर कापडाचे ठसे आणि कापडावर मॉडेलचा रंग. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण असते. अॅक्रिलिक ब्रशवरच सुकतो आणि शर्टावरचा थेंब धुवायला हाताशी पाचेक मिनिटंच उरतात.

डाग पडल्यावर

कुठल्याही डागाला एक नियम लागू: घासायचं नाही, टिपायचं. डागाची बाजू खाली करून कापड जुन्या फडक्यावर किंवा टिश्यूवर ठेवा आणि द्रव मागच्या बाजूनं सोडा, म्हणजे रंग आला त्या वाटेनं परत जातो. बाहेरून आत टिपत या आणि खालचं फडकं सारखं बदलत राहा. कुठलाही द्रव वापरण्याआधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून कापडाचा रंग जातो का बघा.

अॅक्रिलिक ओला असेल तर लगेच गार पाण्याच्या धारेखाली, कापडाच्या उलट बाजूनं, दोन-तीन मिनिटं धरा. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब लावून मऊ टूथब्रशनं हलकेच फिरवा. सुकला असेल तर पाण्याचा काही उपयोग नाही, कारण सुकताना त्यातल्या प्लास्टिकचे कण एकमेकांना जुळून पापुद्रा झालेला असतो. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, डाग पाच-दहा मिनिटं भिजवा, चमच्याच्या कडेनं खरवडा, टिपा. तीन-चार वेळा करावं लागतं. पहिल्या वेळेला काहीच हललं नाही म्हणून लोक सोडून देतात, इथेच चुकतं.

एनॅमल आणि तैलरंगाला आधी पाणी लावू नका. ओल्या धाग्यात टर्पेंटाइन नीट शिरत नाही. कोरडं टिपा, हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन लावा, टिपा, मग भांड्यांचं लिक्विड कोरडंच चोळा आणि सगळ्यात शेवटी पाणी. टर्पेंटाइनचा वास पूर्ण जाईपर्यंत कापड बाहेर सावलीत टांगा. वास येत असताना ते मशीनमध्ये टाकणं किंवा त्यावर इस्त्री फिरवणं म्हणजे आगीला बोलावणं.

लॅकरला थिनर लागतो, पण तो कापडाचा मूळ रंगही ओढतो. अॅसिटेटचं चकचकीत अस्तर असेल तर अॅसिटोन आणि थिनर दोन्ही लांब ठेवा, अस्तरच विरघळतं.

फेव्हिक्विकबद्दल मात्र थोडं थांबून वाचा. सुती किंवा लोकरीच्या कापडावर ते जास्त सांडलं तर इतक्या झपाट्यानं घट्ट होतं की कापड तापतं, धूर येतो आणि खालची कातडी भाजते. आधी कापड अंगापासून लांब ओढा, मग भरपूर गार पाणी ओता. सुती हातमोजे घालून पातळ सुपरग्लू वापरू नका, आणि मांडीवर सुती कापड असेल तर वर रेक्झिन असू द्या. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवत बसा. अंगातून काढलेल्या कापडावरचा डाग पूर्ण सुकू द्या आणि मगच अॅसिटोननं टिपा.

फेव्हिकॉल त्या मानानं गरीब स्वभावाचा. सुकला तरी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवला की बहुतेक वेळा पांढरा होऊन सुटतो. जलरोधक प्रकाराचा मात्र सुटत नाही. दोन भागांचं इपॉक्सी घट्ट होण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतं, नंतर कशानंही नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या मॉडेलखाली कृष्णेचं पाणी दाखवायला यूव्ही रेझिन (अतिनील किरणांनी घट्ट होणारं) ओतताना ते शर्टावर पडलं तर हळदीचा नियम बरोबर उलटा लागू होतो: उन्हात नेऊ नका. तिथे ते काही मिनिटांत दगड होतं. सावलीतच अल्कोहोलनं टिपा आणि तो शर्ट वेगळा धुवा.

माती, गंज आणि किल्ला

दिवाळीच्या किल्ल्यासारखी रचना करताना किंवा रणगाड्यावर चिखल दाखवताना खरी माती वापरली जाते. कृष्णाकाठची काळी माती कपड्याला लागली की ओली पुसू नका. ती फार बारीक असते आणि पाण्यानं धाग्यात आत शिरते. पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रश मारा, मग गार पाण्यात धुवा. कासच्या किंवा पाचगणीच्या बाजूची तांबडी माती, गेरू आणि गंज दाखवायची तपकिरी पावडर या तिघांचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. त्यावर ब्लीच टाकलं तर डाग जातच नाही, उलट पक्का बसतो. कोरडी झटकून घ्या, उरलेल्या डागावर लिंबू आणि मीठ लावून तासभर ठेवा आणि धुवा. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा. प्लास्टर ऑफ पॅरिस सांडलं तर तेही सुकू द्या आणि चुरून झटका; ते बेसिनमध्ये धुतलं की पाइपात बसतं, आणि मग कपड्यांपेक्षा प्लंबरचा विषय निघतो.

हे कपडे घरच्या बादलीत भिजवू नका, वेगळी जुनी बादली ठेवा. धुतल्यावर डाग गेला की नाही हे कापड वाळल्यावरच ठरवा. ओलं असताना फिका डाग दिसत नाही. किंचितही खूण उरली असेल तर इस्त्रीवाल्याकडे देऊ नका, आधीची कृती पुन्हा करा.

आणि टिपलेली फडकी. वेदरिंगसाठी, म्हणजे मॉडेल जुनं-मळलेलं दाखवायला, वापरलेल्या तैलरंगात जवसाचं तेल असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतं, आणि चुरगाळून डब्यात कोंबलेली फडकी आपोआप पेटू शकतात. ती एकेक करून बाहेर पसरून कडक होईपर्यंत वाळवा, मगच कचऱ्यात टाका.