एका शून्यापायी गेलेली दुपार

मे महिन्यातलं नागपूर, धरमपेठेतली खोली, कूलर नुसता घरघरतोय अन् ८०८६ या प्रोसेसरसाठी असेंब्ली भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम काही केल्या असेंबल होईना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरेना. हे काम करणारा असेंबलर म्हणजे मास्म, त्याचं एकच पालुपद: ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल: एफएफएच’. ओळ तर साधी, ‘मूव्ह एएल, एफएफएच’: एएल या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, एफएफ हा हेक्स आकडा ठेवायचा (हेक्समध्ये ए ते एफ ही अक्षरंही अंक असतात; शेवटचा एच म्हणजे हेक्स). स्पेलिंग चारदा तपासलं. शेवटी रूममेट वैतागला, “अबे, आकडा अक्षरानं सुरू झाला का असेंबलर त्याले नाव समजते ना बे!” पुढे शून्य लावलं, ‘०एफएफएच’, आणि एरर गेली.

मग दुसरी. एका व्हेरिएबलमधून थेट दुसऱ्यात मूव्ह केलं होतं; ते चालत नाही, मधे एएक्स हे रजिस्टर घातलं. डीएस या रजिस्टरमध्येही डेटा सेगमेंटचा, म्हणजे मेमरीतल्या डेटाच्या भागाचा, पत्ता थेट जात नाही, तोही एएक्समधूनच. डीएस भरायची ही ओळ जर्नलमध्ये मी वर्षभर नुसती उतरवत आलो होतो.