पेरणीपूर्वी पिकअपचे टायर बदलताना आणि हवेच्या दाबाचा दिवा पेटल्यावर

पेरणीचा हंगाम तोंडावर आला की बियाणे, खताची पोती, फवारणीचे पंप आणि पाण्याचे पिंप यांची ने-आण पिकअपवरच पडते आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतरस्ते निसरडे होतात. त्यामुळे टायर तपासायचे असतील तर ते पाऊस सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तपासावेत. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली म्हणजे खाच साधारण १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. ही शेवटची मर्यादा झाली. ओल्या डांबरी रस्त्यावर खाचांतून पाणी बाहेर फेकले जायचे असेल तर ३ मिलिमीटर खोली उरली असतानाच टायर बदलणे शहाणपणाचे ठरते. नक्षी शाबूत असूनही बगलेवर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर तो टायर बाद धरावा. बगलेवरच्या सांकेतिक मजकुराच्या शेवटी चार अंक असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे २३२४ असे असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नवा म्हणून घेतलेला टायर दुकानात किती काळ पडून होता, हे या अंकांवरून कळते.

टायर निवडताना बहुतेक जण आधी नक्षी पाहतात, पण आमच्या मते आधी वजन पाहावे. मालाचा भार प्रत्यक्षात टायरच्या आत कोंडलेली हवा पेलते. ती हवा किती दाबाने धरून ठेवता येईल, एवढेच टायरच्या बांधणीवर अवलंबून असते. म्हणून नेहमीचा जास्तीत जास्त माल भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि संपूर्ण गाडीचे वजन झाल्यावर फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वेगळे वजन घ्यावे. पोती हौद्यात मागे सरकवून रचली असतील तर मागच्या आसावर (ॲक्सलवर) येणारा भार अंदाजापेक्षा बराच जास्त निघतो.

आता टायरवरचा आकडा वाचू. समजा त्यावर २३५/७५ आर १५ आणि पुढे १०४ असे लिहिले आहे. रुंदी २३५ मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंचांची, असा त्याचा अर्थ होतो. पुढचा १०४ हा भार निर्देशांक असून त्याचा अर्थ एका टायरला ९०० किलो असा आहे. दोन टायरचे मिळून १८०० किलो होतात. मागच्या आसाचे वजन १९०० किलो भरले असेल तर तो टायर कितीही दणकट दिसला तरी या गाडीला अपुरा आहे. ११२ निर्देशांकाचा टायर ११२० किलो पेलतो, दोन मिळून २२४० किलो, म्हणजे थोडी राखीव ताकदही हाती राहते. हे आकडे टायरमध्ये पुरेसा दाब असतानाच लागू पडतात. ८ किंवा १० प्लाय असे लिहिलेले असते तेव्हा आत तितके थर मोजून घातलेले असतात असे हल्ली नसते. तो केवळ ताकदीचा दर्जा आहे. मालवाहू बांधणीच्या टायरची बगल जाड असते आणि धसकटे, बांधावरचे दगड यांना ती जास्त दाद देत नाही. मोटारीसाठी बनवलेला टायर त्याच मापात स्वस्त मिळाला तरी पिकअपच्या मागच्या चाकांना तो बसवू नये.

माप बदलण्याचा मोहही टाळावा. वरच्या मापाचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होतो, तर २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०४. हा फरक ४ टक्के आहे आणि तेवढाच फरक वेगाच्या काट्यात पडतो. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत पुढे एक व्यास आणि मागे दुसरा झाला तर कोरड्या पक्क्या रस्त्यावर गिअरच्या यंत्रणेला ताण सोसावा लागतो. दोनच टायर घेण्याची ऐपत असेल तर नवे मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी फिरते आणि ती सावरणे पुढची घसरण सावरण्याहून अवघड असते.

नक्षीचा विचार यानंतर करावा. मोठ्या गट्ट्यांचा चिखलाचा टायर रुबाबदार दिसतो, पण ओल्या डांबरी रस्त्यावर तो लवकर थांबत नाही, आवाज करतो आणि लवकर झिजतो. ज्यांची बहुतांश फेरी पक्क्या रस्त्यावर आणि थोडी मातीत होते, त्यांनी मिश्र वापराची नक्षी घ्यावी. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा कमी करून भरलेली गाडी चालवण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे. कमी हवेवर बगल दर फेऱ्याला वाकते, तापते आणि आतून फाटत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. वाफसा येईपर्यंत माल बांधावर उतरवून ठेवणे टायरच्याही भल्याचे आहे आणि जमिनीच्याही.

डॅशबोर्डवरचा हवेच्या दाबाचा दिवा पेटला तर सेन्सरला, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणाला, दोष देण्यापूर्वी हातातल्या मापकाने चारही चाके मोजावीत. मोजणी गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर, सावलीत करावी. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. म्हणून दुपारी ३५ अंशांत बरोबर भरलेली हवा पहाटे १५ अंशांत ३ ते ४ पीएसआय कमी भरते. पहाटे पेटणारा आणि गाडी थोडी चालल्यावर विझणारा दिवा बहुधा हेच सांगत असतो. लक्षात घ्यावे की दिवा साधारणपणे ठरलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के हवा उतरल्यावरच पेटतो. माल भरलेल्या गाडीसाठी हा इशारा उशिराचा आहे, म्हणून हंगामात आठवड्यातून एकदा मापक लावावाच.

दिवा सलग पेटलेला राहिला तर हवा कमी आहे. पण गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणेतच बिघाड आहे असा होतो. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हेही पाहावे. पडद्यावर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा येत असेल तर सहसा चाकाच्या आत सेन्सर असतो. काही गाड्यांत सेन्सर नसतोच. तिथे ब्रेकच्या यंत्रणेकडून चाकांचा वेग घेऊन कोणते चाक जास्त फिरते यावरून कमी हवेचा अंदाज बांधला जातो. अशा गाडीत हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर यंत्रणा नव्याने शून्यावर आणावी लागते, आणि चारही चाकांची हवा सारखीच हळूहळू उतरली तर ती बेसावध राहू शकते.

एक प्रकार वारंवार पाहण्यात येतो. एका पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाची हवा दर तीन दिवसांनी उतरे. दोनदा पंक्चर शोधून झाले, सापडले नाही. शेवटी व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडले, तेव्हा नटाच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. नट काढला तर ॲल्युमिनियमच्या दांड्यावर पांढरी भुकटी जमली होती आणि खालचे रबरी वायसर कडक झाले होते. खताच्या पोत्यांतून गळणारे क्षार आणि ओल यांनी हा दांडा खाल्ला होता. अशा दांड्यात पितळी वाल (हवा अडवणारा आतला बारीक भाग) बसवला किंवा पितळी टोपी घट्ट आवळली की गंज आणखी वेगाने चढतो आणि टोपी काढताना दांडाच तुटतो. निकेलचा मुलामा दिलेला वाल आणि प्लास्टिकची टोपी वापरावी, आणि प्रत्येक वेळी टायर उतरवला की वायसर, नट व वाल नवे घालावेत. खत वाहून झाल्यावर चाके साध्या पाण्याने धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे चालते आणि बहुतेक सेन्सरमध्ये ती वेगळी बदलता येत नाही. गाडीला सात-आठ वर्षे झाली असतील आणि टायर उतरणारच असतील, तर चारही सेन्सर तेव्हाच बदलून घेणे परवडते. नवा सेन्सर गाडीच्या रेडिओ लहरींशी जुळणारा असावा. काही गाड्यांत त्या ३१५ तर काहींत ४३३ मेगाहर्ट्झ असतात. तो बसवल्यावर त्याची ओळख गाडीला करून द्यावी लागते, आणि चाकांची अदलाबदल केल्यावरही, नाहीतर पडद्यावर उजव्या चाकाचा आकडा डाव्याचा म्हणून दिसतो. टायर उतरवणाऱ्याला सेन्सर असल्याचे आधी सांगावे. टायर उतरवायची लोखंडी पट्टी व्हॉल्व्हजवळ घातली की सेन्सर फुटतो. पंक्चर बुजवणारे द्रव औषध ओतले तर सेन्सरचे बारीक छिद्र बुजू शकते.

टायर बदलल्यानंतरच दिवा सतत पेटू लागला असेल तर आणखी एक शक्यता तपासावी. मूळ टायर जास्त दाबाचे होते आणि नवे कमी दाबावर चालवले जात असतील, तर गाडी जुन्याच हिशेबाने इशारा देत राहते. सेन्सर बदलून काही उपयोग होत नाही. नव्या टायरला आपल्या भारासाठी लागणारा दाब टायर कंपनीच्या भार-तक्त्यातून पाहून, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतील दाबापेक्षा तो कमी येणार नाही अशी निवड करावी. स्टेपनीचा दाब मात्र अनेक गाड्यांत यंत्रणेला दिसतच नाही. हौद्याखाली चिखलात लटकणाऱ्या त्या चाकाचा व्हॉल्व्ह हात घालून पुसावा लागतो आणि मापक तिथेही लावावा लागतो.