परदेशात व्यवसाय काढण्याआधी आपल्या कौशल्यांचा हिशेब कसा मांडावा

नव्या देशात धंद्याचा विचार बहुतेकदा ‘इथे काय चालतं?’ या प्रश्नाने सुरू होतो. त्याआधी आपल्याजवळ काय आहे आणि त्यातलं किती इथल्या कायद्यात बसतं, हे पाहा.

पहिली तपासणी व्हिसाची. नोकरीचा व्हिसा अनेकदा एकाच मालकाशी बांधलेला असतो. विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनसारख्या देशात स्वतःचा धंदा करायला मनाई आहे. कंपनीचे शेअर नावावर असणं वेगळं आणि त्या कंपनीत काम करणं वेगळं. पहिल्याला हरकत नसली तरी दुसऱ्याला असू शकते, आणि पगार न घेता केलेलं कामही काम धरलं जाऊ शकतं. इथे ओळखीच्यांच्या सल्ल्यावर विसंबू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा.

मग कागद घ्या. पदवी किंवा हुद्दा लिहू नका. प्रत्यक्ष करत आलेली कामं लिहा, पंधरा-वीस तरी निघतील. प्रत्येकापुढे तीन उत्तरं हवीत: परवाना लागतो का, आपल्याला ते येतं याचा पुरावा काय, आणि त्याचे पैसे कोण देईल. खरा उपयोग या तुकडे पाडण्यातच आहे. दंतवैद्याला नव्या देशात परवान्याशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. पण दवाखान्याची बिलं, उपकरणांची खरेदी, भेटींचं वेळापत्रक ही कामं त्याला आतून माहीत असतात आणि ती सेवा म्हणून विकता येतात. इलेक्ट्रिशियनला परवाना मिळेपर्यंत परवानाधारक ठेकेदारासाठी अंदाजपत्रक आणि मालाची मोजणी करून देता येते. आपली पदवी तिथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची हे सांगणारा समकक्षतेचा अहवाल म्हणजे परवाना नव्हे, या गोंधळात अनेकांचे महिने जातात.

त्या देशातला नोकरीचा अनुभवही कौशल्यच आहे, आणि आमच्या मते सर्वात कमी लेखलं जाणारं. सिलिकॉन व्हॅलीत १९८० ते १९९८ दरम्यान सुरू झालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी २४ टक्के कंपन्या चिनी किंवा भारतीय प्रमुख चालवत होते, असं अमेरिकी अभ्यासक ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९९ मध्ये दाखवलं. त्यातल्या अनेकांनी आधी तिथल्याच कंपन्यांत नोकरी केली होती. पुरवठादार कोण, बिलाचे पैसे किती दिवसांनी मिळतात, तक्रार कशी हाताळतात, हे नोकरीत पगार घेऊन शिकता येतं.

भाषेची परीक्षा सोपी आहे: अनोळखी ग्राहकाशी फोनवर दहा मिनिटं भाव आणि तक्रार, दोन्हींवर बोलता येतं का? येत नसेल तर जिथे नमुना पाहून काम मिळतं असा व्यवसाय निवडा, किंवा बोलणारा भागीदार घ्या.

पहिले ग्राहक आपल्या समाजातून मिळतात, पण तिथेच राहिलात तर अडकता. सगळे एकच धंदा करतात, भाव पाडतात, उधारी वाढते. पहिल्या वर्षाअखेर निदान एक तृतीयांश उत्पन्न बाहेरच्या ग्राहकांकडून यायला हवं.

मायदेशातले पुरवठादार ही मोठी ताकद. तरी पहिली खेप लहानच मागवा. मालाचा एचएस कोड, म्हणजे जकातीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, आधी ठरवा: पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात आणि जकात त्यावर ठरते. लेबल चुकलं तर माल बंदरात अडकतो आणि गोदामाचं भाडं सहसा आयातदाराच्या माथी येतं.

भांडवलाची अडचण अशी की जुन्या देशातला कर्जफेडीचा इतिहास सहसा नव्या बँकेला दिसत नाही. म्हणून भिशी जगभरच्या स्थलांतरितांत टिकून आहे. बारा जणांच्या भिशीत आधी उचलणाऱ्याला ते कर्ज, शेवटी उचलणाऱ्याला बचत. हप्ते बँकेतून द्या आणि सह्यांची वही ठेवा, कारण पुढे रक्कम कुठून आली हे बँक विचारते. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा. त्याला भांडवल समजू नका.

नातेवाईक नसलेले तीन ग्राहक पूर्ण पैसे देईपर्यंत जागेचा करार करू नका. करारात वैयक्तिक हमीचं कलम असेल, तर कंपनी बुडाली तरी उरलेलं भाडं तुमच्याकडून वसूल होऊ शकतं. हमी काही महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करून मागा आणि मुदतीआधी बाहेर पडण्याचं कलम लेखी घ्या.