टायरवरचे आकडे कसे वाचायचे

भो, टायर घ्यायला जळगावला जायच्या आधी जुन्या टायरवर कपडा मारून साइडचे आकडे वाचा. समजा १८५/६५ आर १५ ८८ एच लिहिलंय, तर १८५ म्हणजे रुंदी मिलीमीटरमध्ये, पण ६५ हे मिलीमीटर नाही बरं का, इथंच सगळे फसतात, ते रुंदीचे ६५ टक्के म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची साधारण १२० मिमी. आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या बांधणीचा प्रकार, १५ म्हणजे १५ इंची रिम. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो लोड, एच म्हणजे ताशी २१० किमी वेगापर्यंत, धुळे रोडला कोण पळवतंय एवढी! टायरवर डॉट (DOT) लिहिलेला कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे पण बघा, टायर कधी बनला ते कळतं, २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. मला एकाने असाच जुना माल चिकटवला, नक्षी नवीकोरी पण मे महिन्यात भुसावळच्या उन्हात रबराला भेगा.