एआयने सुचवलेले न्यायनिवाडे दाखल करण्यापूर्वी कसे पडताळावेत

लेखी युक्तिवादाचा मसुदा एआयकडून करून घेण्यास माझी हरकत नाही. मात्र त्यातील प्रत्येक निवाडा मूळ ठिकाणी जाऊन स्वतः पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नये. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात 2023 साली ‘माटा विरुद्ध एव्हियान्का’ या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न दिलेले निवाडे सादर केले आणि न्यायालयाने त्यांना 5,000 डॉलरचा दंड केला. त्यातील एका वकिलाने ‘हा निवाडा खरा आहे ना?’ असे त्या यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता. म्हणजे साक्षीदारालाच पंच नेमण्यासारखे झाले. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता.

पडताळणीची सुरुवात निवाडा सापडतो का, येथून करावी. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन निवाडासंग्रहात विनामूल्य मिळतात आणि मुंबई उच्च न्यायालयाचे त्याच्या संकेतस्थळावर. तेथे पक्षकारांची नावे, तारीख, प्रकरण क्रमांक आणि पीठ हे चारही तपशील जुळले पाहिजेत. अलीकडच्या निवाड्यांवर न्यायालयाने स्वतः दिलेला क्रमांक असतो; मुंबई उच्च न्यायालयाच्या अशा क्रमांकात वर्षानंतर ‘बीएचसी’ आणि मग पीठ कोणत्या ठिकाणचे याची खूण येते, जसे नागपूरसाठी ‘एनएजी’ किंवा गोव्यासाठी ‘जीओए’. पणजीतील वाद म्हणून सांगितलेल्या निवाड्यावर नागपूरची खूण दिसली, तर तेथेच थांबावे. एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) किंवा महाराष्ट्र लॉ जर्नल या निवाडे छापणाऱ्या नियतकालिकांचा संदर्भ दिला असल्यास तो खंड आणि ते पान प्रत्यक्ष उघडावे, कारण बनावट संदर्भाच्या पानावर बहुधा भलताच निवाडा असतो.

निवाडा सापडला म्हणजे काम संपले, असे समजणे ही त्याहून अवघड चूक आहे, कारण ती समोरच्या वकिलाच्या लक्षात येईपर्यंत झाकलेली राहते. निवाडा खरा असतो, परंतु एआयने अवतरणचिन्हांत घातलेले वाक्य त्यात नसते, किंवा ते हरलेल्या पक्षाच्या युक्तिवादाचा गोषवारा असते, किंवा अल्पमतातील न्यायमूर्तींचे असते. म्हणून हेडनोटवर (निवाड्याच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर) न थांबता संबंधित परिच्छेद, त्याच्या मागचे आणि पुढचे परिच्छेद वाचावेत, परिच्छेद क्रमांक मसुद्यात लिहावा आणि तो निवाडा पुढे मोठ्या पीठाने फिरवला आहे का, हेही पाहावे.

कलमांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, मात्र एआयच्या उत्तरांत जुने व नवे क्रमांक अनेकदा मिसळलेले असतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 482 उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 482 अटकपूर्व जामिनाचे आहे आणि अंगभूत अधिकार कलम 528 मध्ये गेले आहेत. गुन्ह्याची तारीख 1 जुलै 2024 च्या आधीची असेल, तर त्याला जुन्या भारतीय दंड संहितेचीच कलमे लागतात, हे यंत्र आपणहून विचारत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचेही तसेच: जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम 65-ब च्या नमुन्याऐवजी आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चा, हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झाला तर बदलणारी तिची सांकेतिक ओळखखूण) नोंदवावे लागणारा नमुना लागतो.

मसुदा करून घेताना अशिलाचे नाव, पत्ता, आजारपण, बँकेचा तपशील सार्वजनिक एआय सेवेत टाकू नये. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास साक्ष अधिनियमाच्या कलम 132 ने मनाई आहे. ‘वादी’, ‘सावकार’, ‘थोरला भाऊ’ अशा नावांनीही प्रश्न नीट विचारता येतो.

इतके करूनही दाखल झालेल्या कागदात चुकीचा निवाडा आढळला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. समोरच्या वकिलास आगाऊ कळवून न्यायालयात पुरसीस (लेखी निवेदन) द्यावी, कोणता परिच्छेद मागे घेत आहोत ते त्यात स्पष्ट लिहावे आणि त्याचे खापर कनिष्ठ सहकाऱ्यावर किंवा संगणकावर फोडू नये, कारण वकीलपत्रावर सही आपली असते.