स्क्रिप्टला फाइल देण्याआधी: ओळीच्या टोकाचा सीआर

विंडोजवरच्या एक्सेलमधून आलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर-फाइल) लिनक्सवर ऑकला, म्हणजे रकान्यांवर काम करणाऱ्या कमांडला, द्यायची असेल, तर स्क्रिप्टला हात लावण्याआधी फाइल तपासून घ्या. विंडोजची ओळ सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) अशा दोन न दिसणाऱ्या कॅरेक्टरांनी संपते, आस्की या अक्षर-क्रमांकांच्या तक्त्यात १३ आणि १०. लिनक्सला नुसता एलएफ पुरतो, त्यामुळे सीआर शेवटच्या रकान्याला चिकटून आत येतो.

त्याची लक्षणं आधीच माहीत असू द्या. समजा शेवटच्या रकान्यात ४१५००१ हा पिनकोड आहे आणि तुम्ही आधी तो, मग स्वल्पविराम, मग ७५ ही रक्कम छापताय. टर्मिनलवर मात्र येतं ‘,७५००१’. सीआरने कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला आणि पुढचा मजकूर पिनकोडच्याच डोक्यावर उमटला. आउटपुटमध्ये सगळं जागेवर आहे, पडद्यावर तेवढं दिसत नाही. इथे लोक फील्ड सेपरेटर (रकाने वेगळे करणारं चिन्ह) बदलत बसतात, अवतरणचिन्हं घालतात-काढतात. ओळीचा सुरुवातीचा भाग गिळला गेला की पहिला संशय सीआरवरच घ्यावा. पिनकोडची तुलना विनाकारण खोटी ठरणं, ओळी शोधणाऱ्या ग्रेपच्या पॅटर्नला शेवटी डॉलर (ओळीच्या टोकाची खूण) लावला की एकही ओळ न सापडणं, हीही त्याचीच करणी.

खात्री करायला ‘फाइल’ नावाची कमांड चालवा. ‘सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स’ असं ती बऱ्याचदा सांगते, पण तिच्या काही नव्या आवृत्त्या नुसतं ‘सीएसव्ही’ म्हणून थांबतात. त्याहून माझा भरवसा फाइल छापणाऱ्या कॅट कमांडच्या कॅपिटल-ए पर्यायावर, कारण त्यात ओळीच्या टोकाला ^एम (सीआर) आणि $ (ओळीचा शेवट) डोळ्यांना दिसतात. मॅकच्या कॅटमध्ये हा पर्याय नसेल तर एकेक बाइट दाखवणारी ओडी -सी आहेच. मग सीआर असलेल्या ओळी ग्रेपने मोजा आणि एकूण ओळींशी ताडून पाहा. आकडा कमी आला तर फाइल मिश्र आहे: दोघांनी दोन मशीनवर भरलेल्या याद्या कुणीतरी जोडल्यात.

साफसफाई एकदाच करायची, अगदी दारात. सीआर काढणारी डॉसटूयुनिक्स कमांड असेल तर उत्तम, पण ते मूळ फाइलच बदलतं, म्हणून आधी प्रत काढा. नसेल तर कॅरेक्टर गाळणारी टीआर -डी '\r' पुरे, फक्त आउटपुट त्याच फाइलवर वळवू नका. शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ती आधी रिकामी करतो आणि वाचायला काहीच उरत नाही. मूळ फाइल तशीच ठेवावी. ऑकच्या प्रत्येक ओळीत सब हे बदली करणारं फंक्शन लावून सीआर झटकणं मला पटत नाही, सहा महिन्यांनी दुसरी स्क्रिप्ट लिहिताना ते हमखास राहून जातं.

पायथन वापरणार असाल तर सीएसव्ही लिहिताना फाइल उघडणाऱ्या ओपनला न्यूलाइनसाठी रिकामी स्ट्रिंग द्या. नाहीतर विंडोजवर ओळीआड एक कोरी ओळ येते. शेल स्क्रिप्ट स्वतःच विंडोजवर लिहिली असेल तर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून ती पहिल्याच ओळीला अडू शकते. गिटमध्ये गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत शेल स्क्रिप्टांसाठी एलएफ ठरवून टाका, म्हणजे प्रत्येकाच्या सेटिंगवर विसंबायला नको.

तरीही पहिल्या रकान्याचं नाव जुळत नसेल तर सीआर सोडा आणि फाइलचे पहिले तीन बाइट ओडीने बघा. एक्सेलच्या यूटीएफ-८ सीएसव्हीत तिथे बॉम (बाइट ऑर्डर मार्क, एन्कोडिंगची न दिसणारी खूण) बसलेला असतो आणि तो पहिल्या नावाला चिकटतो.